दख्खनी पोलाद व अणुक्रम

दख्खनी पोलाद : लोखंड व कार्बनयुक्त द्रव्य बंद मुशीत एकत्र तापवून दक्षिण भारतात तयार करण्यात येणारे उच्च कार्बनी पोलाद. यूरोपीय ग्रंथांत ते ‘वुट्झ’ या नावाने प्रसिद्ध आहे. हा शब्द मूळचा भारतीय नाही; कन्नड व तेलुगू भाषांतील ‘उक्कु’ या पोलादवाचक शब्दाच्या चुकीच्या श्रवणातून अथवा लेखनातून तो निर्माण झाला असावा, असे सामान्यतः मानतात. मराठीत रूढ झालेला ‘पोलाद’ हा शब्द फार्सी असून औजाराच्या धारेसाठी वापरावयाच्या कठीण लोखंडास जुन्या मराठीत ‘तिखे’ असाही शब्द आहे. या पोलादाचा इतिहास हा जसा एका लुप्त झालेल्या धंद्याचा इतिहास आहे, तसाच तो एका शास्त्रीय प्रश्नाचाही इतिहास आहे. धातूचा गुण तीत काय मिसळले आहे यावर ठरतो, की मिसळलेले अणू कोणत्या क्रमाने बसले आहेत व त्यांना हालचाल करण्यास किती वाव आहे यावर ठरतो, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर मिळण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

भूमी व व्यापार : नांदेड व लातूर या जिल्ह्यांचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. उदगीरचे पठार याच खडकाचे असून त्यावर जांभ्याचा थर आढळतो. या खडकात लोह असले, तरी मुशीच्या पोलादास लागणारे शुद्ध धातुक त्यातून मिळत नाही. पूर्वेकडे देगलूर, बिलोली व किनवट या भागांत बेसाल्टचे आवरण संपते आणि ग्रॅनाइट व पट्टिताश्म उघडे पडू लागतात. त्यापुढे तेलंगणात, गोदावरीच्या उत्तरेस निर्मळ व दक्षिणेस निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम् या परिसरात मॅग्नेटाइटयुक्त वाळू व खडक विपुल असल्याने तेथे पोलादाचा धंदा वाढला. उदगीरपासून कोनसमुद्रम् सरळ रेषेत सुमारे १५० किमी. पूर्वेस आहे. दख्खनच्या किल्ल्यांना दगड जागच्या जागी मिळाला. धारेचे पोलाद मात्र या पूर्वेकडील पट्ट्यातून येई. कुत्बशाही, बरीदशाही, मोगल व पुढे निजाम अशा सत्ता बदलत गेल्या. पण हा भौगोलिक संबंध बदलला नाही.

या पोलादाचा मोठा ग्राहक इराण होता. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी तावेर्न्ये याने गोवळकोंड्याच्या राज्यातून इराणात जाणाऱ्या पोलादाचा उल्लेख केला असून, ज्यावर लाटांसारखी नक्षी उमटते असे पोलाद हेच, असे त्याने नमूद केले आहे. लहान पावाएवढ्या वड्यांच्या स्वरूपात ते विकले जाई. अशा वडीतून घडविलेल्या पात्याचा पृष्ठभाग सौम्य अम्लाने चोळला असता त्यावर पाण्याच्या तरंगांसारख्या फिकट व गडद रेषा दिसू लागतात. या नक्षीस ‘जौहर’ म्हणत. यूरोपीयांनी तीस दमास्कस शहराचे नाव दिले. परंतु दमास्कसच्या तलवारींचे पोलाद बहुतांशी हिंदुस्थानातूनच गेलेले होते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

मूस व भट्टी : कोनसमुद्रम् येथील पद्धतीचे प्रत्यक्ष पाहून केलेले जुने वर्णन हेन्री व्हॉयझी याचे आहे. तो हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय पाहणीत वैद्य व भूवैज्ञानिक म्हणून काम करीत होता. त्याचा मृत्यू १८२४ मध्ये झाला व त्याचा लेख १८३२ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. त्यावरून असे दिसते, की दोन निरनिराळ्या ठिकाणचे लोखंड ठराविक प्रमाणात मिसळून अग्निसह मातीच्या मुशीत भरीत आणि वर थोडी काच घालीत. काच वितळून धातूवर आवरण धरी व हवेचा संपर्क तोडी. मुशीचे तोंड बंद करून भात्यांच्या साहाय्याने भट्टी दीर्घकाळ पेटती ठेवीत. नंतर मूस भट्टीतच सावकाश निवू देत. फोडून काढलेली वडी लगेच घडविता येत नसे, इतकी ती कठीण असे. म्हणून तिला माती लिंपून पुन्हा कित्येक तास तापवीत व निववीत; जरूर पडल्यास ही क्रिया तीन-चार वेळा करीत. इस्फाहानचा एक व्यापारी मालाच्या खरेदीसाठी तेथे येऊन राहिला होता, अशीही नोंद व्हॉयझीने केली आहे. उत्पादनाच्या जागी इराणी खरेदीदार बसलेला असावा, यावरून या मालाचे मोल कळते.

या वर्णनात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, अतिशय सावकाश शीतन. दुसरी, मंद आचेवर पुनःपुन्हा तापविणे. दोन्ही गोष्टी काळाशी संबंधित आहेत, द्रव्याशी नव्हेत. यूरोपीय रसायनवेत्त्यांचे लक्ष मात्र दीर्घकाळ द्रव्यावरच खिळून राहिले.

उदगीर ते लंडन : ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी उदगीर येथे निजामाच्या सैन्यास कोंडीत पकडून पराभूत केले. या मोहिमेत इब्राहिमखान गारदी याचा तोफखाना मराठ्यांच्या बाजूस होता. तहान्वये निजामाने सुमारे ६० लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांना दिला. ही मोहीम दख्खनच्या युद्धतंत्रातील संक्रमण स्पष्ट करते. तलवार व भाला अद्याप शिपायाच्या हाती होताच. पण लढाईचा निकाल तोफा व कवायती पलटणी लावू लागल्या होत्या. मराठा स्वारांत फिरंग, म्हणजे यूरोपीय पात्याला देशी मूठ बसविलेली तलवार, पूर्वीच लोकप्रिय झाली होती. तलवारीच्या पोलादाला असलेली मागणी पुढे घटत गेली, तिची पूर्वचिन्हे या काळात दिसू लागतात. तथापि बंदुकीलाही कठीण पोलाद लागे.

उदगीरनंतर चौतीस वर्षांनी, १७९४ मध्ये, मुंबईतील ब्रिटिश वैद्य हेलेनस स्कॉट याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना या पोलादाचे नमुने पाठविले. सोबतच्या पत्रात त्याने कळविले होते, की चकमकीच्या बंदुकीच्या चापावर गारगोटी जेथे आदळते तो भाग या पोलादाने मढवितात. तसेच लोखंड कातण्याची हत्यारे, छिन्नी, कानस व करवत यांसाठी ते वापरतात. मंद लाल रंगाच्या पुढे त्याला आच सोसत नाही व त्यामुळे ते घडविणे लोहारांना फार कंटाळवाणे होते, असेही त्याने लिहिले होते. पुढील सर्व संशोधनाच्या दृष्टीने हे शेवटचे विधान सर्वांत मोलाचे होते. पण तक्रारीवजा तपशील म्हणून त्याकडे दुर्लक्ष झाले.

जॉर्ज पिअर्सन याने या नमुन्यांची परीक्षा करून १७९५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते, असे म्हटले होते. वास्तविक मुंबई हे केवळ रवानगीचे बंदर होते. ज्या गावांत मुशी फुटत होत्या त्यांची नावे लंडनला कळण्यास आणखी काही दशके जावी लागली. डेव्हिड मशेट याने १८०५ मध्ये या पोलादात नेहमीच्या ओतीव पोलादापेक्षा कार्बन अधिक असतो, हे ओळखले. हा निष्कर्ष बरोबर होता. परंतु तेवढ्याने नक्षीचा उलगडा होत नव्हता.

त्यानंतर मायकेल फॅराडे या विषयाकडे वळला. तो लोहाराचा मुलगा होता. लंडनमधील शस्त्रवैद्यकीय हत्यारांचा कारागीर जेम्स स्टोडार्ट याच्या साहाय्याने त्याने १८१९ ते १८२२ या काळात पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. वुट्झच्या विश्लेषणात त्याला सिलिका व ॲल्युमिना यांचा अंश आढळला आणि ॲल्युमिनियमामुळेच हे पोलाद श्रेष्ठ ठरते, असा त्याचा समज झाला. हा समज चुकीचा होता. तो अंश मुशीच्या मातीतून अथवा धातुमळीतून आला असणे अधिक संभवनीय आहे. पण या चुकीच्या वाटेवर त्याने चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम, निकेल इ. धातू पोलादात मिसळून पाहिले व मिश्रपोलादांच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया घातला गेला. लोह व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूंचे महत्त्व शतकानंतर वेगळ्याच कारणाने सिद्ध झाले, हा योगायोग लक्षणीय आहे; त्याचा निर्देश पुढे येईल.

पॅरिसच्या टाकसाळीतील ब्रेआं याने १८२३ मध्ये, तर रशियात झ्लाटोऊस्ट येथील पाव्हेल अनोसॉव्ह याने १८४१ मध्ये नक्षीचे कारण कार्बन व सावकाश स्फटिकीभवन यांत शोधले. दोघेही खऱ्या कारणाच्या जवळ पोहोचले होते. अनोसॉव्हने तर पोलादाच्या परीक्षेसाठी सूक्ष्मदर्शकाचा उपयोग केला. शेफील्डच्या लोहारांचा अनुभव मात्र निराशाजनक होता. सवयीप्रमाणे पांढऱ्या आचेवर ठोकताच दख्खनी वडीच्या ठिकऱ्या उडत. स्कॉटचे पत्र कोणी पुन्हा वाचले असते, तर काही श्रम वाचले असते.

कार्बन अणूची जागा : या सर्व निरीक्षणांचा अर्थ लागण्यासाठी धातूच्या अंतर्रचनेचे ज्ञान आवश्यक होते व ते क्ष-किरणांच्या साहाय्याने विसाव्या शतकात मिळाले. नेहमीच्या तापमानास लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर व मध्यभागी अशा रीतीने बसलेले असतात. कार्बनाचा अणू लहान असल्याने तो लोह अणूची जागा घेत नाही. अणूंमधील पोकळीत शिरतो. ही पोकळी अपुरी असल्याने तो दोन बाजूंच्या लोह अणूंना दूर लोटतो आणि जालक त्या दिशेत किंचित ताणले जाते. घनाला तीन दिशा आहेत. म्हणून कार्बनाला बसण्यासाठी तीन प्रकारच्या जागा उपलब्ध असतात. एरवी तिन्ही सारख्याच असतात. लोखंड एका दिशेत ताणले, की त्या दिशेच्या जागा थोड्या प्रशस्त होतात व कार्बनाचे काही अणू उडी मारून तिकडे जातात. ताण सोडला, की ते परततात.

या उड्यांना वेळ लागतो व त्यातच एक महत्त्वाचा परिणाम दडलेला आहे. कंप पावणाऱ्या तारेत ताणाची दिशा सतत बदलते. तिच्या आवर्तनाशी कार्बनाच्या उड्यांचा वेग जुळला, तर प्रत्येक आवर्तनात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने नष्ट होते आणि कंपन लवकर थांबते. कंपन असे मंदावत जाण्यास अवमंदन म्हणतात व धातूतील त्याच्या कारणास अंतर्गत घर्षण ही संज्ञा आहे. नेदर्लंड्समधील आइंटहोव्हन येथे फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या स्नूक या शास्त्रज्ञाने १९३९ ते १९४१ या काळात हा परिणाम स्पष्ट केला व तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. सेकंदाला एक आवर्तन या वेगाने आंदोलन होत असता कार्बनामुळे होणारे अवमंदन सुमारे ४०° से. तापमानास कमाल असते. मराठवाड्यात वैशाखातील दुपारी हेच तापमान असते. त्या वेळी लोखंडात विरघळलेला कार्बनाचा प्रत्येक अणू सेकंदाला काही वेळा जागा बदलीत असतो. पाणी गोठण्याच्या तापमानास हा वेग सुमारे शंभरपटीने कमी होतो. दगडाइतका निश्चल भासणारा लोखंडाचा तुकडा आतून असा सतत चाळवलेला असतो. के तिंग-सुई या चिनी शास्त्रज्ञाने शिकागो येथे १९४७ मध्ये वापरलेला पीळलंबक हे अशा मापनाचे साधे व प्रभावी साधन ठरले. तारेला पीळ देऊन सोडावयाचे व तिची आंदोलने किती लवकर क्षीण होतात ते मोजावयाचे, एवढेच त्यात असते.

लोहार धातू ठोकून तिचा नाद ऐकतो, ती परीक्षाही अवमंदनाचीच आहे. मात्र तिचा स्नूक परिणामाशी थेट संबंध जोडणे योग्य होणार नाही. कानाला ऐकू येणारी कंपने सेकंदाला शेकडो वा हजारो असतात व त्यांच्याशी जुळण्याइतक्या जलद उड्या कार्बन नेहमीच्या तापमानास मारू शकत नाही. बद्द आवाजाचे कारण बहुधा आतील भेग, बिडातील ग्रॅफाइटाच्या चकत्या अथवा मऊ लोखंडातील चुंबकीय प्रदेशांच्या सीमांचे सरकणे हे असते. भेगाळलेले पाते कान ओळखतो; अणूंची मांडणी ओळखण्यास पीळलंबकच लागतो.

पाणी देणे व अणुक्रम : तापलेले पोलाद पाण्यात बुडवून कठीण करण्याच्या क्रियेस लोहार पाणी देणे म्हणतात. तीव्र आचेला लोखंडाची जालकरचना वेगळी असून तीत कार्बन भरपूर सामावतो. एकाएकी थंड झाल्यावर रचना पालटते. पण कार्बनाला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. अशा कोंडलेल्या रचनेस मार्टेन्साइट म्हणतात. तिचा एकक घन एका दिशेत लांबट असतो, हे १९२६ मध्ये क्ष-किरणांनी दिसून आले. क्लॅरेन्स झीनर याने १९४६ मध्ये त्याचे कारण दिले. कार्बनाचे प्रमाण पुरेसे असले, की एका अणूने निर्माण केलेला ताण शेजारच्या अणूलाही त्याच दिशेची जागा घेण्यास प्रवृत्त करतो आणि बहुतेक सर्व कार्बन तीनपैकी एकाच प्रकारच्या जागांत बसतो. अव्यवस्थेतून आपोआप निर्माण होणारी ही क्रमबद्धता होय. एकदा ती प्रस्थापित झाली, की अणूंना इकडून तिकडे उडी मारण्याचे कारण उरत नाही. म्हणून अशा पोलादात स्नूक अवमंदन जवळजवळ आढळत नाही. अणुक्रम बदलला, की कार्बनाचे प्रमाण तेच राहूनही अवमंदन बदलते. केवळ रासायनिक विश्लेषणाने हा फरक कधीच कळला नसता.

धातू वाकते ती तिच्यातील स्थानभ्रंशांमुळे. स्फटिकातील अणूंच्या ओळींतील ही रेषारूप विसंगती असून १९३४ मध्ये टेलर, ओरोवान व पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे तिची कल्पना मांडली. सतरंजी ओढून सरकविण्यापेक्षा तिला एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलणे सोपे असते. स्थानभ्रंश ही स्फटिकातील तशी सुरकुती होय. कॉट्रेल व बिल्बी यांनी १९४९ मध्ये दाखविले, की कार्बनाचे अणू या रेषांभोवती गोळा होतात व त्यांना जखडून टाकतात. सुमारे २००° ते ३००° से. या टप्प्यात कार्बनाचे अणू व स्थानभ्रंश एकमेकांच्या गतीने चालू लागतात. तेथे अवमंदनाचा दुसरा, अधिक रुंद शिखरबिंदू मिळतो आणि पोलाद ठिसूळही होते. निळ्या रंगावर आलेले लोखंड ठोकू नये, या लोहारकामातील नियमामागे हेच कारण आहे.

प्रतिस्थापित अणूंचा क्रम : कार्बन पोकळीत बसतो, तर ॲल्युमिनियम, सिलिकॉन, कोबाल्ट, निकेल यांचे अणू लोहाच्या जागीच बसतात. अशा मिश्रधातूंत दोन प्रकारचे अणू मिसळलेले राहतात किंवा ठराविक क्रम धरतात. लोह-ॲल्युमिनियम मिश्रधातूंतील असा क्रम ब्रॅडली व जे यांनी १९३२ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधून काढला. तीन लोह अणूंस एक ॲल्युमिनियम अणू या प्रमाणातील मिश्रधातू सुमारे ५५०° से. खाली पूर्ण क्रमबद्ध असते. त्यावर हा क्रम अंशतः मोडतो. क्रमबद्ध जालकात एकटा स्थानभ्रंश पुढे सरकला, तर मागे अणूंची चुकीची जोडी राहते. दुसरा स्थानभ्रंश त्याच वाटेने गेल्यावरच मांडणी पूर्ववत होते. म्हणून ते जोडीने चालतात व त्यांची चलनशीलता घटते. परिणामी धातू तप्त अवस्थेतही बळकट राहते. परंतु थंड असता ठिसूळ होते.

अवमंदनावरील परिणाम याहून गुंतागुंतीचा आहे. ॲल्युमिनियमाचे प्रमाण कमी व मांडणी विस्कळित असताना या मिश्रधातूंत चुंबकीय प्रदेशांच्या सीमा सहज सरकतात व कंपनाची ऊर्जा चांगली शोषली जाते. यंत्रांचा आवाज व हादरे कमी करण्यास अशा धातू उपयोगी पडतात. क्रम वाढला, की हे शोषण कमी होते. अशा धातूतील कार्बनाचा अणूही आता सर्व शेजाऱ्यांना सारखा मानीत नाही. जवळ ॲल्युमिनियम किती आहे त्यानुसार त्याची उडी सोपी वा अवघड होते व एका निमुळत्या शिखराऐवजी पसरट शिखर मिळते. रशियन शास्त्रज्ञ गोलोविन व त्यांचे सहकारी यांनी एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी याचे विस्तृत मापन केले. दख्खनी पोलादात नसलेले ॲल्युमिनियम फॅराडेने त्यात पाहिले. ते पुरेशा प्रमाणात खरोखरच मिसळले असता लोखंडाची अणुव्यवस्थाच बदलते.

मंद शीतनाचे टोकाचे उदाहरण पृथ्वीबाहेरचे आहे. समप्रमाण लोह-निकेल मिश्रधातूतील अणू सुमारे ३२०° से. खाली क्रमबद्ध होऊ पाहतात. पण त्या तापमानास जालकातील रिक्त स्थाने इतकी मंद चालतात, की भट्टीत तो क्रम निर्माण होऊ शकत नाही. ग्रनोबल येथे नेएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ च्या सुमारास न्यूट्रॉनांचा मारा करून जादा रिक्त स्थाने निर्माण केली, तेव्हा तो साधला. लोह-अशनींत मात्र हीच क्रमबद्ध धातू निसर्गतः आढळते. १९८० मध्ये तीस टेट्राटीनाइट हे नाव मिळाले. लक्षावधी वर्षांत काही अंश एवढ्या मंद गतीने अशनी निवतात.

नक्षीचा उलगडा : चलनशीलतेतील हाच भेद दख्खनी पोलादाची किल्ली ठरला. या पोलादात कार्बन साधारणतः १·२ ते १·८ टक्के असतो. मूस सावकाश निवताना धातू वृक्षाच्या फांद्यांसारख्या स्फटिकांत घट्ट होते आणि धातुकातून आलेले व्हॅनेडियमासारखे अशुद्ध अंश फांद्यांमधील फटींत साठतात. अमेरिकेतील धातुवैज्ञानिक व्हेरहूव्हन व पात्यांचा कारागीर पेंड्रे यांनी १९९० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे दाखविले, की व्हॅनेडियमाचा अत्यल्प अंशही नक्षी उमटण्यास पुरेसा असतो. लाल आचेला कार्बनाचे अणू एका मिनिटात केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतके अंतर सहज कापतात. व्हॅनेडियमाला लोह अणूच्या जागेवरून हलण्यास शेजारी रिक्त स्थान यावे लागते. त्याचे विसरण कार्बनापेक्षा लाखपटीने वा त्याहूनही मंद असते. म्हणून घडाईच्या प्रत्येक आचेत कार्बन धावतो, तर व्हॅनेडियम मुशीत मिळालेल्या जागी बसून राहते. घणाखाली फटींचे पातळ थर बनतात. कार्बन पुनःपुन्हा त्या थरांजवळ येऊन कठीण कार्बाइडाचे कण तेथेच वाढवितो. फिकट रेषा त्या कणांच्या आहेत. आच फार वाढली, तर कण विरघळतात, नक्षी पुसली जाते व धातू ठिसूळ होते. स्कॉटच्या पत्रातील मंद लाल रंगाची मर्यादा ती हीच.

कोनसमुद्रम् येथील उस्तादांना अणू, रिक्त स्थान वा विसरण या कल्पना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दोन ठिकाणचे लोखंड मिसळणे, मूस भट्टीतच निवू देणे, मातीत लपेटून तीन-चार वेळा शेकणे आणि आच लाल रंगाच्या पुढे जाऊ न देणे हे नियम त्यांनी अनुभवाने बसविले होते. त्या नियमांतील एकही वगळता येण्याजोगा नव्हता, हे आता दिसते. त्यांच्या ज्ञानास योगायोग म्हणणे न्याय्य नव्हे. तसेच त्यास आधुनिक अर्थाने विज्ञान म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल. धातुकाची खाण बदलली, तर नक्षी का उमटत नाही हे त्यांना सांगता आले नसते आणि धंदा मोडण्यास कदाचित हेही एक कारण झाले असावे. ड्रेस्डेन येथील पाउफ्लर प्रभृतींनी एका जुन्या पात्यात कार्बनाच्या अतिसूक्ष्म नलिका आढळल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध केले, त्याचा बराच गाजावाजा झाला. परंतु नक्षीच्या उलगड्यासाठी त्या नलिकांची आवश्यकता नाही.

ऱ्हासाची मुख्य कारणे आर्थिक व राजकीय होती. बेसेमर पद्धती १८५६ मध्ये आल्यावर पोलाद टनांनी व स्वस्तात मिळू लागले. मुशीत एका वेळी केवळ एक वडी निघे. कोळशासाठी लागणारी वने राखीव होऊ लागली. संस्थानी फौजा मोडल्या व १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्रे बाळगणे परवान्यावर अवलंबून राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा धंदा जवळजवळ नामशेष झाला. उदगीरचा प्रदेश १९५६ मध्ये बीदर जिल्ह्यातून उस्मानाबाद जिल्ह्यात व १९८२ मध्ये लातूर जिल्ह्यात आला, तर कोनसमुद्रम् आंध्र प्रदेशात व २०१४ पासून तेलंगणात गेले. एकाच निजामी मुलखाचा हा आर्थिक पट्टा भाषावार राज्यांत विभागला गेल्याने त्याचा अभ्यासही विभागला गेला.

तेलंगणातील स्थळांचे सर्वेक्षण बंगलोरची राष्ट्रीय उच्च अध्ययन संस्था व इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठ यांनी २०१० मध्ये हाती घेतले. गावांच्या कडेला धातुमळीचे ढीग व फुटक्या मुशींचे तुकडे त्यांना जागोजागी आढळले. मुशींच्या काळ्या मातीत भाताच्या तुसाचे ठसे स्पष्ट दिसतात. तूस जळून मागे राहिलेल्या कार्बनामुळे त्या भिंती भट्टीची आच दीर्घकाळ सोसत. यांपैकी अनेक ढीग शेतीसाठी सपाट करण्यात आले असून काहींतील मळी रस्त्यांच्या भरावासाठी नेण्यात आली आहे.